खोकं उघडताना जरा दमानं!

दोस्तांनो, दहावीचा निकाल लागला किंवा बाबांच्या हाती दिवाळीचा बोनस पडला, की बऱ्याच घरांत एक बेत शिजू लागतो. तयार कॉम्प्युटर घेण्यापेक्षा सुटे भाग आणायचे आणि घरीच जोडायचे! मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा आपल्याच गावातल्या दुकानातून सात-आठ खोकी घरात येतात. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट... आणि घरातलं धाकटं मंडळ कात्री घेऊन धावतं.

थांबा! ती कात्री आधी खाली ठेवा बरं.

कॉम्प्युटर कसा जोडायचा, ते मदरबोर्डबरोबरच्या पुस्तिकेत चित्रांसकट दिलेलं असतं. पण भाग खोक्यातून कसा काढायचा, कुठे धरायचा, कशावर ठेवायचा, याबद्दल तिथे फार तर चार ओळी असतात. आपण आज नेमकं तेच बोलणार आहोत. कारण हजारो रुपयांचा भाग निकामी व्हायला या वेळातला एक क्षण पुरतो, आणि त्या क्षणी काही घडलं हे आपल्याला कळतही नाही!

ते कसं? खोक्यातला थर्माकोल बाहेर काढलात की त्याचे बारीक दाणे हाताला चिकटतात. झटकले तरी निघत नाहीत. गोंद तर कुणी लावलेला नाही! ही करामत स्थिर विजेची. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा प्रयोग तुम्ही शाळेत केलाच असेल. तीच ही वीज. दोन वस्तू एकमेकींना घासल्या, की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात आणि तिथेच साठून राहतात. कोरड्या हवेत गालिच्यावरून नुसतं चालत गेलात, तरी तुमच्या अंगावर कित्येक हजार व्होल्ट जमू शकतात. घाबरू नका! दाब मोठा असला तरी वीज चिमूटभरच असते. म्हणून दाराच्या कडीला हात लावल्यावर ‘चट्’ होतं आणि आपण हसून पुढे जातो.

पण चिप हसत नाही. तिच्यातल्या सूक्ष्म स्विचांमध्ये विजेला अडवणारा एक पापुद्रा असतो, तो अवघा काही नॅनोमीटर जाड. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर! इतका पातळ पडदा फाटायला कितीसा वेळ लागणार? आपल्याला तो ‘चट्’ जाणवू लागतो साधारण ३००० व्होल्टच्या आसपास. काही नाजूक चिपा मात्र शे-दोनशे व्होल्टलाच दगावतात. म्हणजे मधल्या सगळ्या पट्ट्यात तुमच्या बोटाला काहीही कळत नाही, आणि चिप मात्र गेलेली असते. त्याहून वाईट म्हणजे ती अर्धवट दुखावते. आज चालते, दोन महिन्यांनी मधेच बंद पडू लागते, आणि दोष कशाचा ते कुणालाच सापडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, “दुकानातले काका तर काहीच काळजी घेत नाहीत, आणि त्यांचे कॉम्प्युटर चालतात की!” खरं आहे. आजच्या चिपांच्या तोंडाशी संरक्षणाची सोय केलेली असते, शिवाय रत्नागिरीच्या पावसाळी, दमट हवेत अंगावर वीज फारशी साठतच नाही. पण तेच काम नागपुरात जानेवारीच्या कोरड्या थंडीत, लोकरी स्वेटर घालून केलं तर? स्वेटर डोक्यावरून काढताना होणारी तडतड आठवा! काकांचे दहा बोर्ड वाचले म्हणून तुमचा अकरावा वाचेल, याची हमी कोण देणार?

मग करायचं काय? सोपं आहे. सुती कपडे घाला. लाकडी टेबल मोकळं करा आणि थर्माकोल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सेलोटेप असली सगळी मंडळी दुसऱ्या खोलीत हाकला. कॅबिनेट जवळ घ्या. कोणताही भाग उचलण्याआधी, आणि मधूनमधूनही, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. रंग दिलेल्या जागी लावून उपयोग नाही, कारण रंग विजेला अडवतो. मागच्या बाजूची, रंग नसलेली पत्र्याची कड बरी. या सगळ्या वेळात विजेची पिन बोर्डात खोचलेली नको. तुम्ही, कॅबिनेट आणि हातातला भाग एकाच पातळीवर आलात, की ठिणगी उडायचं कारणच उरत नाही.

मनगटाला बांधायचा पट्टाही दुकानात मिळतो. त्याची चिमटी कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावायची. आईबाबांनो, “पोराच्या अंगाला वायर बांधायची?” ही तुमची शंका रास्त आहे. म्हणूनच चांगल्या पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. चुकून घरातल्या २३० व्होल्टशी संबंध आला, तरी त्या वायरीतून पाव मिलिअँपियरपेक्षा कमी प्रवाह जातो. साध्या तांब्याच्या वायरीचा घरगुती पट्टा मात्र कुणीही बनवू नये! त्यात हा रोध नसतो, आणि मग तो पट्टा जिवावर बेतू शकतो.

भाग ज्या पिशव्यांतून येतात, त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंय? गुलाबी पिशवी घासली तरी वीज निर्माण करत नाही, एवढाच तिचा गुण. चंदेरी पिशवी त्याहून हुशार. तिच्यात धातूचा अगदी पातळ थर असतो आणि बाहेरची ठिणगी त्या थरावरूनच पसरून जाते, आत शिरत नाही. यामागचं तत्त्व दाखवलं मायकेल फॅरेडेने, १८३६ साली लंडनमध्ये. त्याने धातूने मढवलेला खोलीएवढा पिंजरा बांधला, बाहेरून त्यावर ठिणग्यांचा मारा करवला आणि स्वतः आत जाऊन बसला. आतल्या त्याच्या उपकरणांना विजेचा मागमूसही लागला नाही! तुमचा मदरबोर्ड आज त्याच पिंजऱ्यात बसून आलाय. म्हणून तो बसवायची वेळ येईपर्यंत पिशवीतच राहू द्या. काढलात की खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवा. पिशवीवर ठेवून वीज मात्र कधीही सुरू करू नका, कारण धातूचा थर तो धातूचाच.

सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे प्रोसेसरची. पूर्वी पिना प्रोसेसरच्या पोटाला असत. इंटेलने २००४ मध्ये आपल्या घरगुती प्रोसेसरांसाठी त्या मदरबोर्डावरच्या खाचेत नेल्या, आणि २०२२ मध्ये एएमडीनेही एएम ५ या खाचेत तेच केलं. तिथे १७१८ बारीक स्प्रिंगसारखे काटे आहेत! एकाला नख लागलं तरी तो वाकतो. म्हणून त्यावरचं काळं झाकण कुतूहलापोटी काढू नका. प्रोसेसर दोन बोटांनी कडांना धरा, कोपऱ्यातला त्रिकोण खाचेवरच्या खुणेशी जुळवा आणि अलगद ठेवून द्या. दाबायचा अजिबात नाही! नंतरची दांडी मात्र जोर लावून बसवावी लागते आणि ‘कर्र’ असा आवाजही येतो. तो ऐकून भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो, पण प्रोसेसर नीट बसला असेल तर तो आवाज ठीकच आहे.

पंख्याखालच्या धातूवर कधीकधी एक पारदर्शक कागद चिकटवलेला असतो. तो सोलायचा राहिला, तर प्रोसेसर तापून मशीन बंद पडतं. रॅम कडांनी धरा, सोनेरी पट्टीला बोट नको. एसएमपीएसचा डबा कुणीही, अगदी बाबांनीही, उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरांमध्ये जीवघेणी वीज शिल्लक राहू शकते.

कॅबिनेटची काचेची बाजू? ती काढल्यावर गादीवर आडवी ठेवा. अशी काच मधोमध दणकट असते, पण कड फरशीवर टेकली की क्षणात तिचा चुरा होऊ शकतो. आणि पावसाळ्यात एसीच्या गारव्यातून खोकी घरी आणलीत, तर तासभर न उघडता ठेवा. थंड ताकाच्या ग्लासावर जमतं तसं पाणी बोर्डावरही जमू शकतं.

बसवण्याआधी प्रत्येक भागाचा अनुक्रमांक आणि खाचेतल्या पिनांचा फोटो काढून ठेवा, बिल फाइलला लावा. सिलिका जेलच्या पुड्या धाकट्या भावंडांच्या हाती लागण्याआधी उचला. खोकी मात्र टाकू नका. काळं झाकण आणि चंदेरी पिशवी त्यांत घालून सगळं माळ्यावर चढवा. वॉरंटीत बोर्ड परत पाठवायची वेळ आली, तर तो याच पिशवीतून जायचाय, आणि ते झाकण पुन्हा त्याच खाचेवर बसवायचंय.