बोट वर करण्यापूर्वी

ईद उन्हाळ्याच्या तोंडाशी आली की आमच्या कोकणातल्या गावात क्रिकेटचे सामने भरतात. मुंबईचे आणि आखातातले सगळे घरी आलेले असतात. भात कापून कोरड्या झालेल्या मळ्यात बांध सपाट करून खेळपट्टी तयार होते, आंब्याखाली मंडप पडतो आणि लाऊडस्पीकरवर कुणाचा तरी पुतण्या स्वतःला मोठा कॉमेंटेटर समजून बोलत असतो. पंच म्हणून उभे राहायला मात्र कुणी तयार नसते. म्हणून अनेक वर्षे ते काम आमच्याकडे आहे. आम्ही स्वतः खेळत नाही आणि गावात आमचे कुणाशी भांडण नाही, एवढीच आमची लायकी. निदान तीन वर्षांपूर्वीपर्यंत तरी भांडण नव्हते.

त्या वर्षी अंतिम सामना आमच्या मोहल्ल्याचा आणि खाडीपलीकडच्या गावाचा होता. दोन चेंडू बाकी, तीन धावा हव्या. आमच्या टोकाला नॉन-स्ट्रायकर म्हणून उभा होता आमच्या थोरल्या भावाचा मुलगा. चेंडू मिडविकेटच्या मोकळ्या जागेत गेला, एक धाव झाली, दुसरीसाठी दोघे वळले. थ्रो आमच्या टोकाला आला. बेल्स उडाल्या, पुतण्याने बॅट लांब करून झेप घेतली, धूळ उडाली, अपील झाले. आम्ही बोट वर केले. शेवटच्या चेंडूवर फलंदाज त्रिफळाचीत झाला आणि मोहल्ला एका धावेने हरला.

रात्री इशाच्या नमाजनंतर कट्ट्यावर एका मुलाने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. बेल्स उडाल्या तेव्हा बॅट क्रीजच्या आत वीतभर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भावाच्या घरी गेलो. पुतण्या अंगणात मोटारसायकल पुसत होता. आम्ही म्हटले, "चूक आमची होती, बाळा." तो मान वर न करता म्हणाला, "चाचा, चूक कुणाचीही होते. पण तुम्ही पळाला नाहीत. जागेवरूनच बोट वर केलंत."

त्याचे म्हणणे खरे होते, आणि ते आम्हाला व्हिडिओपेक्षा जास्त लागले. धावचीतचा निर्णय यष्टींच्या मागून देता येत नाही. चेंडू मारला गेला की गोलंदाजाच्या टोकाच्या पंचाने बाजूला धावून क्रीजच्या रेषेत यायचे असते, आणि शक्यतो चेंडू ज्या बाजूला गेला त्याच बाजूला, म्हणजे थ्रो, यष्टी आणि बॅट तिन्ही एका नजरेत येतात. आम्ही यष्टींच्या मागे उभे होतो. गोलंदाज आमच्या आणि यष्टींच्या मधे आला होता. दुपारचे अडीच वाजले होते, पायात चपला होत्या, आणि नांगरटीच्या ढेकळांत धावायचा कंटाळा आला होता.

पण कंटाळा हे अर्धेच कारण. उरलेले अर्धे आम्ही त्या दिवशी भावालाही सांगितले नाही. बोट वर करताना आमच्या मनात क्रीज नव्हती, मंडपातली माणसे होती. नाबाद दिला असता तर खाडीपलीकडचे म्हणाले असते, चाचाने भतीज्याला वाचवले. ते ऐकावे लागू नये म्हणून आम्ही एका मुलावर अन्याय केला. आपल्या माणसाला झुकते माप देणे हा पक्षपात, हे सगळ्यांना कळते. लोक काय म्हणतील या भीतीने आपल्या माणसाला कमी माप देणे हाही पक्षपातच, हे आम्हाला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळले.

भावाने काही म्हटले नाही. भाभी मात्र पंधरा दिवस आमच्या अंगणातून गेली नाही, रस्त्याने वळसा घालून जात राहिली.

हा प्रश्न काही फक्त खेड्यातला नाही. अनेक दशके कसोटी सामन्यांत पंच यजमान देशाचेच असत, आणि पाहुणा संघ हरला की बोट पंचांकडे वळत असे. हा संशय कायमचा मिटावा असे पाकिस्तानचे तेव्हाचे कर्णधार इम्रान खान यांना वाटत होते. 1986 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी पाकिस्तानने चक्क भारतातून दोन पंच बोलावले : व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर. यातले रिपोर्टर हे आपल्या मुंबईकडचे पारशी गृहस्थ, महाराष्ट्र राज्य वीज मंडळातले नोकरदार. म्हणजे घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, पाकिस्तानच्या फलंदाजांचा फैसला दोन हिंदुस्थानी करणार होते. पाकिस्तान ती कसोटी डावाने हरला, दुसऱ्या डावात तर 77 धावांत सगळे बाद झाले. हरण्याची शक्यता मान्य करूनच ज्याने बाहेरचा पंच मागितला, त्याची आम्हाला आजही कदर वाटते. पुढे 1994 पासून प्रत्येक कसोटीत एक पंच त्रयस्थ देशाचा असू लागला आणि 2002 पासून दोन्ही. यात संघाचा फायदा झाला असे सगळे म्हणतात. आमच्या मते जास्त फायदा पंचाचा झाला. त्याला मंडपाकडे पाहण्याची गरज उरली नाही.

मंडपाचे भय केवढे असते ते मुंबईने 1969 साली पाहिले आहे. ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत अडचणीत होता. पंच शंभू पान यांनी वेंकटराघवन यांना यष्टीमागे झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागलाच नाही असे रेडिओवरच्या समालोचनात सांगितले गेले, ते ट्रान्झिस्टर घेऊन बसलेल्या प्रेक्षकांनी ऐकले आणि स्टेडियममध्ये बाटल्या, खुर्च्या आणि आगीचा धुमाकूळ सुरू झाला. यातला विचित्र भाग पुढे आहे. ज्या वेंकटराघवन यांच्यावर तो निर्णय झाला, तेच खेळणे थांबल्यावर पंच झाले आणि त्यांनी 73 कसोटी सामन्यांत पंचगिरी केली. आमच्या कल्पनेत ते दर वेळी बोट वर करण्यापूर्वी ब्रेबॉर्नची ती दुपार आठवत असतील. पण ही आमची कल्पना झाली.

आता या कामाविषयी घरात कुणी मुलगा किंवा मुलगी विचारत असेल तर थोडे व्यवहाराचे बोलू. आपल्या घरांत क्रिकेटचे वेड कमी नाही. मुलगा चौदा-पंधराचा होईपर्यंत आपण त्याला बॅट घेऊन देतो, निवड चाचणीत नाव आले नाही की म्हणतो, आता पुरे, अभ्यास कर. खेळात राहण्याचा दुसराही रस्ता आहे हे त्याला कुणी सांगत नाही. मुंबईत मुंबई क्रिकेट असोसिएशन, नागपूरच्या बाजूला विदर्भाची संघटना आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन, यांच्यामार्फत पंचांच्या परीक्षा होतात. राज्याच्या यादीत नाव आले की क्लबचे आणि वयोगटाचे सामने मिळतात, आणि तिथे काम चांगले झाले तर बीसीसीआयच्या परीक्षेचा दरवाजा.

क्रिकेटचे नियम 42 आहेत, आणि एकेका नियमात पोटकलमे इतकी की आम्ही पहिल्या प्रयत्नात नापास झालो. त्या घटनेनंतरच्या पावसाळ्यात आम्ही परीक्षेला बसलो होतो. पुस्तक पाठ होते, तोंडी परीक्षेत घसरलो. बीसीसीआयने 2022 मध्ये अहमदाबादला घेतलेल्या परीक्षेला 140 जण बसले आणि तिघेच पात्र ठरले, हे नंतर वाचले तेव्हा थोडा दिलासा मिळाला. त्या परीक्षेतला एक प्रश्न आम्ही घरी सगळ्यांना विचारला : खेळपट्टीवर मंडपाची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली पडते आणि फलंदाज तक्रार करतो, तर काय कराल? आमच्या घरात बरोबर उत्तर फक्त अम्मींनी दिले. त्या म्हणाल्या, "झाड काय हलणार आहे? माणसाला सांगा, हलू नकोस." उत्तर हेच आहे. मंडप आणि झाड यांच्या सावलीकडे दुर्लक्ष, क्षेत्ररक्षकाला स्थिर उभे राहायला सांगायचे, नाहीतर चेंडू डेड बॉल.

पैशांचे खरे सांगायचे तर खालच्या पातळीवर पेट्रोल आणि दुपारचे जेवण सुटते, त्यावर संसार चालत नाही. नोकरी किंवा धंदा सांभाळून रविवारी करायचे हे काम आहे. बीसीसीआयच्या यादीतल्या वरच्या श्रेणीला 2022 मध्ये दिवसाला 40 हजार रुपये आणि त्याखालच्यांना 30 हजार मिळत होते. तिथे पोचणारे थोडे. पण पोचतात.

मुलींसाठीही हा रस्ता आता उघडा आहे. नवी मुंबईच्या वृंदा राठी यांनी सुरुवात गुणलेखनापासून केली, स्कोअरशीट भरता भरता त्या पंच झाल्या, आणि जानेवारी 2023 मध्ये रणजी करंडकात पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिलांपैकी त्या एक आहेत. आमची धाकटी मुलगी गेल्या ईदपासून आमच्या सामन्यांचे स्कोअर लिहिते. तिची बेरीज आमच्यापेक्षा पक्की आहे. गावातल्या एकदोघांनी भुवया उंचावल्या. त्यांचे स्वतःचे स्कोअर तपासायला मात्र ते तिच्याकडेच येतात.

घरच्यांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय संपत नाही. पाकिस्तानचे अलीम दार हे आमच्या पिढीतले सर्वांत नावाजलेले पंच. 2009 ते 2011 सलग तीन वर्षे त्यांना आयसीसीचा सर्वोत्तम पंचाचा मान मिळाला. 2011 च्या विश्वचषकात त्यांच्या निर्णयांविरुद्ध खेळाडूंनी 15 वेळा रिव्ह्यू मागितला आणि एकही निर्णय बदलावा लागला नाही. याच माणसाची सात महिन्यांची मुलगी 2003 च्या विश्वचषकादरम्यान वारली. ते दक्षिण आफ्रिकेत होते, आणि घरच्यांनी त्यांना कळवलेच नाही, कारण कळले असते तर ते काम सोडून परतले असते. हे आम्ही बीवीला वाचून दाखवले. ती काही न बोलता उठून आत गेली. घरच्यांनी बरोबर केले की चूक, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बीवी म्हणते, बापाचा हक्क होता. अम्मी म्हणतात, त्या बाईने दोघांचा भार एकटीने उचलला.

आमची गोष्ट एवढी मोठी नाही. दुसऱ्या प्रयत्नात आम्ही उत्तीर्ण झालो. आता तालुक्यातले सामने मिळतात, पण गावच्या अंतिम सामन्याला आम्ही उभे राहत नाही. कमिटीला आम्हीच सांगितले की पंच खाडीपलीकडचाही नको आणि आपलाही नको, तिसऱ्या गावचा आणा. त्याचे जेवण आमच्या घरी असते. भाभीच बिर्याणी पाठवते.

पुतण्या सध्या दोहाला आहे. गेल्या महिन्यात त्याच्याकडून एक पार्सल आले. आत पांढरे, जाड तळव्याचे बूट होते आणि सोबत चिठ्ठी नव्हती. माप बरोबर बसले.