पायांच्या भेगा व पेट्रोलियम जेली

दिवाळी सरून पऱ्हाटीची वेचणी भरांत आली, कीं माजरी, भद्रावती व वरोरें या टापूंतील काळ्या जमिनीवर राबणाऱ्या माणसांचे हातपाय फुटूं लागतात. पहांटेची कोरडी थंडी, वाळलेल्या बोंडांचे ओरखडे, तडकूं लागलेली माती आणि खाणींकडील रस्त्यांवरची कोळशाची धूळ, इतकीं कारणें एकत्र आल्यावर टांचेची कातडी टिकावी कशी? वखराची पास बोथट झाली तर आपण ती लोहाराकडून पाजवून आणतों. टांच फुटली तर मात्र थंडी सरल्यावर भरून येईल म्हणून सोडून देतों. अशा वेळीं दुकानांत सहज मिळणारी वस्तु म्हणजे व्हॅसलीन या नांवानें ओळखली जाणारी पेट्रोलियम जेली. कित्येकजण ती सर्व व्याधींवरील मलम समजून वापरतात. कित्येकजण, ज्या खनिज तेलापासून रॉकेल निघतें त्याच तेलाची ही म्हणून, तिला भितात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, हें या लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या वस्तूची उत्पत्ति पाहूं. १८५९ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत टायटसव्हिल येथें खनिज तेलाची विहीर लागली. तेल उपसणाऱ्या पंपाच्या दांड्यांवर एक काळसर मेणचट थर जमे. त्यामुळें यंत्र अडे म्हणून मजूर त्यास कंटाळत. परंतु हातास कापलें किंवा भाजलें, कीं तोच थर खरवडून ते लावीत. रॉबर्ट चेसब्रो नांवाच्या तरुण रसायनज्ञानें हें पाहिलें, तो पदार्थ शुद्ध करण्याची रीत शोधिली आणि १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. व्हॅसलीन हें नांव त्यानेंच दिलें.

आतां ही जेली काय करते तें समजून घेतलें पाहिजे. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत व चपट्या पेशींचा असतो. विटांमध्यें चुना असावा त्याप्रमाणें या पेशींमध्यें स्निग्ध द्रव्य असतें व तें आंतील ओलावा धरून ठेवितें. हवा कोरडी झाली म्हणजे हा ओलावा वेगानें उडून जातो. तळहात व तळपाय यांस तेल स्रवणाऱ्या ग्रंथि मुळींच नाहींत. शिवाय टांचेवर सर्व अंगाचा भार पडतो. वाळलेली जाड कातडी त्या भारानें फांकते, हीच भेग होय.

जेलींत पाण्याचा थेंबहि नाहीं आणि पोषक द्रव्यहि नाहीं. ती केवळ झांकण आहे. झाडाच्या आळ्यांत पसरलेला पालापाचोळा जें काम करतो, तेंच काम ती कातडीवर करते. कोरड्या ठणठणीत मातीवर आच्छादन घातलें तर खालीं ओल कोठून येणार? आधीं पाणी द्यावें, मग आच्छादन घालावें, हें शेतकऱ्यास शिकवावयास नको. परंतु पायांच्या बाबतींत हाच नियम आपण विसरतों. वाळलेल्या टांचेवर जेली थापतों आणि गुण आला नाहीं म्हणून तिला नांवें ठेवितों.

यास्तव रीत अशी ठेवावी. रात्रीं निजण्यापूर्वीं पाय साध्या पाण्यांत सुमारें २० मिनिटें बुडवून ठेवावे. जाड झालेली कातडी वजरीनें हलकेच घासावी. ब्लेडनें किंवा सुरीनें कधींहि कापूं नये. मग पाणी टिपून, कातडी ओलसर असतांनाच जेलीचा पातळ थर लावावा व सुती पायमोजे घालावे, अथवा स्वच्छ जुनेरें गुंडाळावें. हातांसहि रात्रींच लावावी. दिवसा लावल्यास धूळ तेवढी चिकटते. खोबरेल, तिळेल किंवा मोहाच्या बियांचें तेल असेल तर तेंहि चालेल. तेल लवकर पुसलें जातें व कालांतरानें खंवट होतें. जेली खंवट होत नाहीं आणि अधिक वेळ टिकते, एवढाच तिचा विशेष. सुगंधी व महाग डबीनें अधिक गुण येतो असें नाहीं. उलट सुगंधी द्रव्यानें कोणाकोणास खाज सुटते.

तिच्या निर्धोकपणाविषयीं म्हणावयाचें, तर सर्व कांहीं शुद्धीकरणावर अवलंबून आहे. अशुद्ध खनिज तेलांत कर्करोगास कारण होणारीं कांहीं द्रव्यें असतात. औषधी दर्जाच्या जेलींतून तीं काढून टाकलेलीं असतात. म्हणून डबीवर ‘व्हाइट सॉफ्ट पॅराफिन’ व ‘आय. पी.’, म्हणजे भारतीय औषधकोशाप्रमाणें, अशी नोंद पाहून घ्यावी. ट्रॅक्टरचें किंवा मोटारपंपाचें ग्रीस दिसावयास तसेंच असलें, तरी तें अंगास लावूं नये.

शुद्ध जेलीसहि मर्यादा आहेत. ताज्या भाजलेल्या जागीं ती लावूं नये. तेथें प्रथम २० मिनिटें थंड वाहतें पाणी सोडावें. नाकाच्या आंत रोज भरपूर लावण्याची संवय वाईट, कारण ती फुप्फुसांत उतरून दाह उत्पन्न करूं शकते. धानाच्या बांधींत रोवणीस उतरण्यापूर्वीं कोरड्या पायांस ती लावली तर पाण्यापासून थोडें रक्षण होतें. परंतु बोटांच्या बेचकींत चिखल्या झाल्यावर, किंवा नायट्यावर, ती लावूं नये. तेथें ओल कोंडली जाऊन रोग वाढतो. बेचकी कोरडी राखणें हाच तेथें मार्ग. जेलीनें माखलेलें कापड चटकन पेट घेतें, म्हणून तें चुलीजवळ व विडीजवळ नेऊं नये. रबरी हातमोजे व संततिनियमनाचीं रबरी साधनें तिच्यायोगें कमकुवत होऊन फाटतात, हेंहि ध्यानांत असावें.

फवारणीच्या वेळीं अंगास जेली चोपडली म्हणजे विष लागत नाहीं, असें कोणी सांगेल तर मुळींच ऐकूं नये. पुष्कळशीं कीटकनाशकें स्निग्ध पदार्थांत विरघळतात, आणि झांकलेल्या कातडींतून तीं अधिकच आंत शिरतात. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें माणसें दगावलीं, हें आपण विसरलों नसूं. तेथें पूर्ण अंगभर कपडे, हातमोजे व नंतर साबणानें स्नान यांवांचून गत्यंतर नाहीं.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भेग पडली म्हणजे ती दुखली पाहिजे. खोल भेग पडूनहि वेदना होत नसेल, पायांतून चप्पल निसटल्याचें कळत नसेल, किंवा अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल, तर तो कुष्ठरोग असूं शकतो. या रोगांत मज्जातंतु निकामी होऊन त्या भागाचा घाम थांबतो. त्यामुळें कातडी वाळते व फुटते. मधुमेहानेंहि पाय असाच बधिर होतो. माजरीहून नागपूरकडे जातांना लागणारें पुढचें स्थानक वरोरें. त्याच गांवाजवळ बाबा आमटे यांनीं कुष्ठरोग्यांसाठीं आनंदवन वसविलें. त्यांची महारोगी सेवा समिति १८४९ नव्हे, तर १९४९ सालची आहे. म्हणजे हा रोग आपल्या भागास नवा नाहीं, आणि त्याजवरील उपायहि दूर नाहीं. पाय रोज तपासणें, पाण्यांत बुडविणें, घासणें व ओलसर असतांनाच तेल किंवा जेली लावणें, ही रीत बधिर पायांच्या रुग्णांस मुद्दाम शिकवितात. बधिर पायासाठीं पाणी गरम मात्र घेऊं नये, कारण चटका कळत नाहीं.

कुष्ठरोगाचें औषध सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतें. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने तें नेमानें घेतल्यास रोग बरा होतो. विलंब झाल्यास मेलेले मज्जातंतु मात्र परत येत नाहींत. म्हणून आमची सर्व सभासदांस विनंति आहे, कीं दुखणाऱ्या भेगेस पाणी व जेली द्यावी. न दुखणारी भेग दिसल्यास, ती स्वतःची असो, घरच्यांची असो वा गड्याची असो, त्याच आठवड्यांत डॉक्टरास दाखवावी.