खोडवा ठेवावा की नवी लागण करावी? – घरच्या संगणकाचा हिशेब



ऊस तुटून गेला की आपल्यापुढे दरसाल एक प्रश्न उभा राहतो. खोडवा ठेवायचा, की रान मोडून नवी लागण करायची? बेणे आणि मशागत वाचते म्हणून खोडवा परवडतो. पण नांग्या फार पडल्या असतील तर तोच खोडवा अंगावर येतो. यंदा आमच्या निमोण्याच्या घरात हा प्रश्न रानाचा नव्हे, संगणकाचा होता. पुष्कळ सभासदांच्या घरी आज संगणक आहे, म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

आमच्या सूनबाईने गावात लहानसे दुकान टाकले आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्सचा मजकूर, फोटो, आणि अलीकडे हळदीपासून वरातीपर्यंतचे व्हिडिओ अशी कामे ती करते. संगणक २०१७ सालचा. पत्रिकेचे काम तो अजून निमूट करतो, पण व्हिडिओ म्हटला की बसकण मारतो. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाचा व्हिडिओ रात्रभर तयार व्हायला लावला होता. पहाटे लाईट गेली आणि सारे काम पुन्हा पहिल्यापासून! नवऱ्या मुलाचे वडील दोनदा दारात येऊन गेले. पुढचे एक काम त्यामुळे हातचे गेले.

उसाचा पहिला हप्ता जमा झाला तेव्हा सूनबाईने विषय काढला. "मामा, यंदा संगणकाचं काहीतरी ठरवाच."

मी म्हणालो, "अगं, ठिबकच्या नळ्या बदलायच्यात. जुन्यालाच थोडं ठाकठीक करून घे की."

"थोडक्यात भागत असतं तर विचारलंच नसतं," ती म्हणाली. तिचे म्हणणे मी नीट ऐकून घेतले, आणि माझेच अज्ञान उघडे पडले.

जुन्या संगणकात फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि मेमरी वाढवली, की तो चांगलाच चपळ होतो. ही झाली नांग्या भरणी. पण 'विंडोज १०' या प्रणालीच्या मोफत दुरुस्त्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ तेवढी दिली. पुढच्या 'विंडोज ११' ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचा सातव्या पिढीचा. म्हणजे मदरबोर्ड आणि प्रोसेसरही बदलणे आले. पेटी, पडदा, कळफलक तेवढे जुने राहणार.

दुसरा मार्ग म्हणजे वाणच बदलायचा. ॲपल कंपनीचा 'मॅक मिनी' हा संगणक २०२४ च्या अखेरीस नव्या रूपात आला. लांबी-रुंदी वीतभरही नाही. व्हिडिओ आणि आवाजाच्या कामात तरबेज, वीज फार थोडी खातो. किंमत सुरुवातीला ५९,९०० रुपये होती, पडदा आणि कळफलक वेगळे. शिवाय त्यात मेमरी मागाहून वाढवता येत नाही. जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

ही पेचाची गोष्ट नवी नाही. १९८५ साली कमोडोर कंपनीने 'अमिगा' नावाचा संगणक काढला. रंग, चित्रे आणि आवाज यांत त्या काळचा साधा पीसी त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. लोकांपुढे हाच प्रश्न होता: पीसीला जोडण्या लावाव्यात, की अमिगा घ्यावा? पण १९९४ साली कंपनीचे दिवाळे निघाले, आणि ज्यांनी तो घेतला त्यांची पुढची वाट अवघड झाली. वाण कितीही सरस असो, पुढे बेणे मिळणार नसेल तर काय उपयोग?

याउलट उदाहरण आपल्या सहकारातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांसाठी गावागावांत संगणक केंद्रे निघाली आणि ऊस उत्पादकांच्या नोंदी तेथे मिळू लागल्या. काही वर्षांनी हे संगणक सांभाळणे जड जाऊ लागले. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी ७ गावांत ८ महिने प्रयोग केला. केंद्रातील संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर तीच कामे चालवली. २००७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: सारी कामे झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही हीच पद्धत अधिक पसंत पडली. कारण उघड आहे. शेतकऱ्याला संगणक नको होता, आपला ऊस किती टन भरला ते कळायला हवे होते.

हे वाचले आणि मी सूनबाईला म्हणालो, "यंत्राचं राहू दे. आधी कामं लिही."

तिने एका जुन्या वजनपावतीच्या पाठीमागे यादी केली. पत्रिका आणि फ्लेक्सची कामे बाराही महिने, व्हिडिओ लग्नसराईपुरते. पत्रिकांचे जुने मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये आणि विंडोजच्याच प्रोग्रामवर बांधलेले. ते दुसरीकडे उघडतीलच याची खात्री नाही. बिघाड झाला तर पीसीची दुरुस्ती शिरूरला होते, मॅकसाठी पुण्याची वाट धरावी लागणार. उलट लाईट गेल्यावर मॅक इन्व्हर्टरवर जास्त वेळ तग धरणार, हा त्याचा मोठा गुण. मग एका लग्नाचे चित्रण घेऊन ती पुण्याला गेली आणि दोन्ही यंत्रांवर तेच काम करून पाहिले. परत येऊन म्हणाली, "मामा, हात मॅकवर बसला. पण रोजची भाकरी पीसीवर आहे."

अखेर पीसीच सुधारून घेतला. तो मॅकपेक्षा स्वस्त पडला, पण फार स्वस्त नव्हे, हेही सांगितले पाहिजे. उरलेल्या पैशात लाईट गेल्यावर काम जपून ठेवण्यापुरता यूपीएस आला. ठिबकच्या नळ्या मात्र पुढच्या हप्त्यावर गेल्या. घरातला एक खर्च मागे सारल्याशिवाय दुसरा होत नाही, हे आपण सारे जाणतोच.

तिचे दुकान निव्वळ व्हिडिओचे असते तर मी स्वतः तिला मॅक घ्यायला सांगितले असते. म्हणून आमचा निर्णय तो सर्वांचा, असे कोणी समजू नये. मुलाला फक्त अभ्यास करायचा असेल तर एसएसडी बसवलेला जुना संगणक लिनक्स या मोफत प्रणालीवरही चालेल. आणि नुसते टनेज आणि बिल पाहायचे असेल तर खिशातला मोबाईल पुरे.

पैसे मोजण्यापूर्वी एवढे विचारावे: रोजचे काम कोणते? जुने मजकूर उघडतील का? दुरुस्ती किती लांब? पुढे मेमरी वाढेल का? आणि जुन्या कामाची एक प्रत वेगळी काढून ठेवली आहे ना?

खोडवा की लागण, हे रान पाहून ठरते. संगणकाचेही तसेच आहे.