थंडीची वाट पाहणारा मोहोर

युरोप-अमेरिकेतल्या थंड प्रदेशांत वसंतातली फुलझाडे लावण्यापूर्वी एक तारीख पाहिली जाते. रात्रीचे दव गोठण्याची शेवटची वेळ साधारण केव्हा सरते, ती ही तारीख. त्याआधी कोवळी रोपे जमिनीत लावली तर एका रात्रीत करपू शकतात. देवगडच्या किनाऱ्यावर दव गोठत नाही. इथला बागायतदारही थंडीवरच डोळा ठेवून असतो, पण ती कधी जाते याची नव्हे, तर कधी येते याची त्याला चिंता असते. कारण हापूसचा मोहोर तिच्यावर अवलंबून आहे.

आंब्याच्या फांदीच्या टोकाला असलेल्या डोळ्यातून पालवी फुटू शकते किंवा मोहोर. यातले काय फुटेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली, फांदीचे वय. पालवी जून होऊन काही महिने गेले असतील, तरच तिची पाने फुलोऱ्याचा संदेश डोळ्यापर्यंत पोहोचवू शकतात. दुसरी, रात्रीचा गारवा. पारा सलग काही दिवस २० अंश सेल्सिअसच्या खाली, शक्यतो १५ अंशांच्या आसपास राहिला, की जून फांदी मोहोराकडे वळते. पाऊस थांबल्यावर जमिनीला बसणारा ताणही मदत करतो. देवगडच्या कातळावरची उथळ माती लवकर सुकते, हा इथल्या कलमांचा फायदाच.

बिघडते ते पाऊस लांबल्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमीन ओली राहिली, की झाड नवी पालवी काढते. मग डिसेंबरात उत्तम थंडी पडली तरी ती कोवळी पालवी मोहोरत नाही.

मोहोरापासून तयार फळापर्यंत हापूसला साधारण चार महिने लागतात. डिसेंबरचा मोहोर एप्रिलमध्ये पेटीत भरता येतो. फेब्रुवारीचा मोहोर मेअखेरीस किंवा जूनमध्ये पोहोचतो, म्हणजे वळवाच्या आणि मोसमी पावसाच्या तोंडावर. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडावर राहिलेला आंबा जमिनीवर आला. दोन महिन्यांचा उशीर वर्षभराच्या उत्पन्नावर असा उठू शकतो.

मात्र थंडी जास्त झाली तरी नुकसानच. आंब्याच्या एका मोहोरात शेकडो ते हजारो फुले असतात, पण बहुतेक नर. फळ धरते ते संयुक्त फुलांना. कडक थंडीत त्यांचे प्रमाण घटते, परागकण दुबळे होतात आणि परागीभवन करणाऱ्या माश्यांचा वावरही मंदावतो. त्यातच थंडीची नवी लाट आली, की कणी धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो. झाडाचे अन्न नव्या फुलांकडे वळते आणि आधीची कणी गळते.

या वेळापत्रकात माणूस थोडाच हस्तक्षेप करू शकतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस असलेले पॅक्लोब्युट्रॅझोल पावसाळ्यात, साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्टदरम्यान, मुळांजवळ दिले जाते. मात्रा झाडाच्या पसाऱ्याच्या व्यासाच्या प्रत्येक मीटरमागे ०.७५ ग्रॅम सक्रिय घटक. पालवी वाढवणारे आणि मोहोर रोखणारे जिबरेलिन हे संप्रेरक झाडात तयार होण्यात ते अडथळा आणते. त्यामुळे मोहोर लवकर व अधिक येतो. उलट, पुन्हा येणारा मोहोर थांबवायचा तर तेच जिबरेलिन बाहेरून फवारले जाते. रोगट, अशक्त किंवा लहान कलमांना पॅक्लोब्युट्रॅझोल देऊ नये. शिफारशीपेक्षा जास्त मात्रेने फांद्या खुरटतात आणि पुढच्या हंगामांनाही फटका बसतो.

मोहोर आल्यावर तुडतुडे आणि भुरीची पाळत सुरू होते. ढगाळ, दमट हवेत दोन्ही वाढतात. फवारणी मोहोर उमलण्यापूर्वी करणे चांगले, कारण पूर्ण फुललेल्या मोहोरावरचे कीटकनाशक परागीभवन करणाऱ्या माश्यांनाही मारते. काढणीआधी ठरावीक दिवस फवारणी बंद ठेवणे हे खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे. खाणाऱ्यानेही फळ वाहत्या पाण्यात नीट धुवावे.

हंगाम पुढेमागे झाला, की बाजारात आधी पोहोचण्याची घाई होते. कच्चे फळ कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यावर देशात बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक व फॉस्फरसची घातक संयुगे असू शकतात. बाहेरून एकसारखा पिवळा, पण वास नसलेला आणि आतून आंबट आंबा दिसला, तर शंका घ्यावी.

बागेत मात्र कॅलेंडरपेक्षा फांदी पाहणे उपयोगाचे. ऑक्टोबरअखेरीस पालवी किती जून आहे आणि जमीन किती सुकली आहे, याची नोंद दरवर्षी ठेवली, तर डिसेंबरची थंडी आपल्या कलमांना काय देणार याचा अंदाज बराच आधी येतो. त्यावरून फवारणीचा आणि मजुरांचा खर्च वेळेवर आखता येतो.