बोळातली भट्टी आणि पावाची लादी

शहराच्या जुन्या भागातील बेकरी डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला सापडते. दर्शनी बाजूस खारी-टोस्टच्या काचेच्या बरण्या मांडलेले अरुंद दुकान असते, भट्टी मात्र मागच्या बोळात. त्यास कारणही आहे. भट्टीला ऐसपैस जागा हवी, सरपणाला आडोसा हवा आणि काम तर रात्रीच चालायचे. रस्त्यावरच्या जागेचे भाडे पावाच्या नफ्यातून निघणे कठीण. मुंबईच्या फोर्ट भागात, कावसजी पटेल रस्त्यावर मेहेरवान झेंड या इराणी गृहस्थांनी १९५३ साली 'यझदानी' बेकरी सुरू केली. ब्रून मस्क्यासाठी ती नावाजली. तरी नवख्याला ती विचारत विचारतच गाठावी लागते.

पाव हा शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आला. पायांनी कणीक तुडवतात म्हणून 'पाव', ही व्युत्पत्ती चविष्ट असली तरी खोटी आहे. गोव्यात पोर्तुगीजांना यीस्ट मिळेना, तेव्हा माडाची सूर घालून पीठ आंबवले जाऊ लागले. तिथला पाववाला आजही 'पोदेर' म्हणूनच ओळखला जातो.

लादीपाव आणि ब्रून यांतील फरक पुष्कळसा मांडणीचा आहे. लादीत गोळे एकमेकांना खेटून ठेवतात. फुगताना ते परस्परांना चिकटतात, बाजूंना थेट आच लागत नाही आणि पाव मऊ राहतो. ब्रूनचे गोळे सुटे ठेवतात. चहूबाजूंनी आच लागून कवच कडक होते.

लाकडाच्या भट्टीत आधी जाळ करून विटा तापवतात. मग निखारे बाहेर ओढतात किंवा कडेला सारतात, तळ ओल्या फडक्याने पुसतात आणि लांब दांड्याच्या फळीने माल आत सरकवतात. पहिल्या कडक आचेवर पाव होतो. भट्टी निवत जाते तशी मंद आचेची नानकटाई आणि टोस्ट होतात. विटांची ही उतरती ऊब फुकट जाऊ न देण्यातच भट्टीवाल्याचे कसब असते. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत घरचे तूप, रवा, मैदा आणि साखर डब्यात भरून बेकरीत नेण्याची आणि बिस्किटे भाजून आणण्याची रीत अनेक गावांत आहे. त्या दिवसांत बेकरी म्हणजे साऱ्या आळीची सामाईक चूलच होते.

ही चूल आता अडचणीत आली आहे. हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. प्रशासनाने आधी दिलेली वर्षाची मुदत न्यायालयाने निम्म्यावर आणली. नव्या बेकऱ्यांना परवानगीही स्वच्छ इंधनाच्या अटीवरच.

या आदेशावर चवीचा आक्षेप घेतला जातो, तो फारसा टिकणारा नाही. पाव आत जातो तेव्हा जाळ ओसरलेला असतो. खुसखुशीतपणा मुख्यतः तापलेल्या विटांचा, धुराचा नव्हे. विटांची भट्टी गॅसनेही तापवता येते. शिवाय सरपण म्हणून मोडक्या फर्निचरचे स्वस्त लाकूड जाळले जाते, तेव्हा त्यावरच्या रंग-रोगणाचा विषारी धूर सर्वप्रथम भट्टीपुढे उभ्या कारागिराच्या छातीत जातो. हे विसरून खमंगपणाचे गोडवे गाणे बरे नव्हे.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. मोठ्या बेकरीला नवी यंत्रसामग्री झेपते. बोळातल्या बेकरीची जागा बहुधा भाड्याची, इमारत जुनी आणि वाट हातगाडीपुरती. तिथे गॅसची वाहिनी आणायची तर घरमालकाची संमती हवी, अग्निशमन दलाचे निकष पाळायला हवेत, आणि बर्नर बसवून भट्टी नव्याने बांधेपर्यंत धंदा बंद ठेवायला हवा. त्या काळात कारागिरांच्या पगाराचे काय करायचे, आणि झालेला खर्च वडापाववाल्याला विकल्या जाणाऱ्या लादीच्या भावात किती चढवायचा, याचा हिशेब मालकालाच मांडावा लागतो.