टमी टक करायचाय? आधी पोट कशामुळे सुटलंय ते बघा

बेळगाव : ‘एका ऑपरेशनमध्ये पोट सपाट’ अशा जाहिराती आता मोबाईलवर सारख्या दिसतात. बाळंतपणानंतर पोट पूर्ववत न झालेल्या महिला आणि बरंच वजन उतरवल्यावर पोटावर कातडीचा झोळ राहिलेले लोक टमी टकची चौकशी करतात. चौकशीचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘खर्च किती?’ हाच असतो. खरं तर त्याआधी विचारायला हवं, की आपलं पोट या शस्त्रक्रियेने कमी होण्यासारखं आहे का?

पोट सुटण्याची कारणं तीन

पहिलं कारण चरबी. ती दोन ठिकाणी असते. कातडीखालची चरबी चिमटीत धरता येते. आतड्यांभोवतीची चरबी स्नायूंच्या आत असते आणि तिथे टमी टक पोचत नाही. पुरुषांचं घट्ट, नगाऱ्यासारखं पोट बहुधा या आतल्या चरबीचं असतं. त्याला खाणं आणि चालणं हेच औषध.

दुसरं कारण सैल कातडी. ती व्यायामाने आवळत नाही.

तिसरं कारण स्नायूंची फट. गरोदरपणात पोटाचे मधले उभे स्नायू बाजूला सरकतात. काही महिलांमध्ये ते पुन्हा जवळ येत नाहीत आणि वजन कमी असूनही पोट पुढे दिसतं. फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामाने काहींना फरक पडतो. तो प्रयत्न आधी करून बघावा.

टमी टक दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणावरचा उपाय आहे. तो वजन उतरवण्याचा मार्ग नाही. लायपोसक्शनमध्ये फक्त कातडीखालची चरबी ओढून काढतात, तो प्रकार वेगळा.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

पूर्ण भूल देऊन ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात. सरकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, जादा कातडी कापून काढतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात. याला साधारण दोन ते चार तास लागतात. सिझेरियनचा जुना व्रण अनेकदा काढलेल्या कातडीबरोबर निघून जातो, पण त्याजागी त्याहून लांब नवा व्रण येतो. तो फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि पूर्ण कधीच जात नाही. बेंबीखालचा भाग काही महिने बधिर राहतो.

कोणी थांबावं?

अजून मूल हवं असेल तर थांबणं शहाणपणाचं, कारण पुढच्या गरोदरपणात स्नायू आणि कातडी पुन्हा ताणली जातात. बाळंतपणानंतर निदान सहा महिने जावेत आणि बाळाचं अंगावरचं दूध सुटलेलं असावं. वजन उतरवणाऱ्यांचं वजन सहा महिने तरी एका जागी टिकलेलं हवं. मधुमेह आटोक्यात हवा.

तंबाखूचा मुद्दा आपल्याकडे हमखास लपवला जातो. सिगारेट, गुटखा, तंबाखू आणि दातांना लावायची मिसरी, या सगळ्यांत निकोटिन असतं. त्याने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम उसवते किंवा कातडी काळी पडून मरते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे हे सगळं बंद लागतं. घरच्यांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना एकट्याने सांगावं.

पुढचे सहा आठवडे

एक ते तीन दिवस दवाखान्यात राहावं लागतं. जखमेतलं पाणी बाहेर यायला बारीक नळ्या ठेवतात, काही वेळा त्या लावूनच घरी सोडतात. पहिला आठवडाभर थोडं वाकून चालावं लागतं. पोटाचा पट्टा काही आठवडे लावावा लागतो. बसून करायच्या कामावर दोन-तीन आठवड्यांत परतता येतं, पण पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर किंवा लहान मूल उचलणं सहा आठवडे बंद. घरात हे कोण करणार, ते तारीख घेण्याआधी ठरवावं.

जखमेखाली पाणी साचणं, रक्त साचणं, जंतुसंसर्ग हे त्रास होऊ शकतात. सर्वात मोठा धोका पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा. तो टाळण्यासाठी ऑपरेशननंतर लवकरात लवकर चालवतात. एका पोटरीला सूज किंवा दुखणं, छातीत कळ, दम लागणं यांपैकी काहीही झालं तर जवळचं मोठं रुग्णालय गाठावं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांच्या फोनची वाट बघू नये. म्हणूनच कोल्हापूर, पुणे किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात ऑपरेशन करणाऱ्यांनी लगेच लांबचा प्रवास करू नये. चार-पाच फेऱ्यांची तयारीही ठेवावी.

पैशाचा हिशेब

सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा मिळत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज सिद्ध झालेले उपचार हा अपवाद. बेंबीजवळ हर्निया असेल तर त्याच्या दुरुस्तीचा दावा पॉलिसीच्या अटींनुसार होऊ शकतो, पण टमी टकचा भाग खिशातूनच जातो. महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली आहे, मात्र पोट सपाट करण्यासाठी तिचा उपयोग नाही. इतर उपचारांना असलेली जीएसटीची सूटही सौंदर्य शस्त्रक्रियेला नाही.

म्हणून कोटेशन लेखी घ्यावं. त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, खोली, औषधं, पट्टा, पुढच्या तपासण्या आणि कर वेगवेगळे लिहिलेले असावेत. गुंतागुंत झाल्यास पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर पैसे कोण भरणार, हेही विचारावं. बुडणारी मजुरी किंवा बिनपगारी रजा याच हिशेबात धरावी.

सही करण्याआधी

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का आणि राज्याच्या मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी आहे का, हे तपासावं. ‘कॉस्मेटिक’ अशी पाटी म्हणजे पदवी नव्हे. भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागाची सोय विचारावी.

संमतीपत्र बहुधा इंग्रजीत किंवा कानडीत असतं. ते समजत नसेल तर मराठीत समजावून मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. ते समजल्याशिवाय सही करू नये. टमी टक तातडीचं ऑपरेशन नाही, महिनाभर विचार केल्याने काही बिघडत नाही. ‘आजच अॅडव्हान्स भरा, सवलत मिळेल’ असं कोणी म्हणत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलेलं बरं.