रायीच्या जागी रबर

दोडामार्ग तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर मी पहिल्यांदा रबराचा चीक काढताना पाहिला. तेव्हा मी बँकेत शेतीकर्जाचे काम पाहत होतो आणि केरळातून आलेल्या एका बागायतदाराचे प्रकरण माझ्या टेबलावर होते. कामगाराने वाकड्या सुरीने सालीचा पातळ काप काढला आणि तिरक्या चरीतून दुधासारखा चीक वाटीत ठिबकू लागला. उन्हे चढली की चिकाची धार कमी होते, म्हणून हे काम पहाटेचे. पुढे फॉर्मिक ॲसिड घालून चीक साकळवायचा, रुळांतून काढून शीट करायची, धुराच्या खोलीत टांगायची. झाड न तोडता वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न! मला तर ही दुभती गायच वाटली. पहिली सहा-सात वर्षे भाकड, एवढेच.

मंजुरीवर सही माझी.

बांधावर एक म्हातारबाबा उभे होते. म्हणाले, "सायबानू, हंयसर आमची राय होती. किंदळ, जांभूळ, सगळा गेला." मी मान हलवली आणि जीपमध्ये बसलो.

आज पेट्रोलियमपासून होणाऱ्या कृत्रिम रबरापेक्षा झाडाचे रबर पर्यावरणाला बरे, असे सांगितले जाते. रेणू तर अस्सल वनस्पतीचा आहे, आयसोप्रीनच्या लांबच लांब साखळ्या. पण चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेल्या युक्तीने आपण त्या गंधकाने एकमेकींना टाके घालून जोडतो. मग ते रबर पुन्हा वितळत नाही. जुना टायर झाडाचा असो की तेलाचा, उकिरड्यावर दोघांची जात एकच.

आणि जमीन? हेन्री विकहॅमने १८७६ मध्ये ब्राझीलहून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. आशियातले मळे त्यांतूनच वाढले. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या उपग्रह-अभ्यासानुसार, आग्नेय आशियात १९९३ पासून ४० लाख हेक्टरांहून अधिक जंगल रबरासाठी गेले.

आता मेक्सिकोच्या कोरड्या माळावरचे ग्वायूल झुडूप आणि रशियन डँडेलियनच्या मुळ्या यांतूनही रबर काढतात. कॉन्टिनेंटल कंपनीने डँडेलियनच्या रबराचे सायकल-टायर बाजारात आणले. छान आहे. पण माझ्यातला कर्ज-अधिकारी लगेच विचारतो, लावणार कुठे?

त्या वेळी मात्र विचारले नव्हते. अर्जात जामीनदार होता, पाण्याची सोय होती, सात-बाराही होता. त्या उताऱ्यावर म्हातारबाबांच्या रायीची नोंद एकाच शब्दात होती : वरकस.